कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक : अमेरिकेतील काउंट्यांचा हिशेब

पाच कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न अनुक्रमे २०, ३०, ४०, ५० व ३६० हजार डॉलर असेल, तर सरासरी १०० हजार भरते; पण पाचांपैकी चार कुटुंबे तिच्या निम्म्यापर्यंतच पोहोचतात. चढत्या क्रमातील मधला आकडा, म्हणजेच ४० हजार हा मध्यक, अधिक खरे चित्र दाखवितो.

अमेरिकेत जिल्ह्यासारख्या तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. २००० पर्यंत दशवार्षिक जनगणनेच्या विस्तृत प्रश्नावलीतून उत्पन्नाची माहिती मिळे. २००५ पासून दरवर्षी नमुना पाहणी होते. मात्र ६५,००० पेक्षा कमी लोकवस्तीच्या काउंटीत पाहणीत येणारी कुटुंबे थोडी असल्याने पाच वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. दुसऱ्या पद्धतीत पाहणीला प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या नोंदींची जोड देऊन वार्षिक अंदाज बांधतात.

कालानुरूप तुलना करताना भाववाढीचा परिणाम वगळावा लागतो. २०१०–१४ ची तुलना २०१५–१९ शी करणे योग्य; २०११–१५ शी नव्हे, कारण त्यांत चार वर्षे सामाईक आहेत.

याच कार्यक्रमातील दारिद्र्याच्या अंदाजांवर गरीब मुलांच्या शिक्षणासाठीच्या केंद्रीय निधीचे वाटप अवलंबून असते. म्हणून आकड्यासोबत त्याची त्रुटिमर्यादाही वाचणे अगत्याचे ठरते.