घेवड्याचा वेल आणि आपला विश्वास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म होतो, गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता होते आणि नैवेद्याच्या पानात घेवड्याची भाजी येते. आपण ती आवडीने खातो. पण या भाजीमागची अठराव्या अध्यायातली कथा संकटात असलेल्या संसारी माणसाने सावकाश वाचावी अशी आहे. म्हणून आज तिच्याविषयी दोन शब्द लिहितो. मी शास्त्री-पंडित नाही, बँकेत छत्तीस वर्षे कारकुनी केलेला साधा माणूस आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

कृष्णा-पंचगंगा संगमाजवळच्या अमरापुरात एक गरीब ब्राह्मण राहत असे. भिक्षा मागून संसार चालवायचा. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून घरची माणसे पोट भरत. एके दिवशी श्रीनृसिंहसरस्वती महाराज त्याच्याकडे भिक्षेला आले. घरात दुसरे काही नव्हते, तीच भाजी वाढली. महाराज तृप्त झाले, तुमचे दारिद्र्य गेले असा आशीर्वाद दिला, आणि जाता जाता तो वेलच तोडून टाकला!

बाई रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली की श्रीगुरूंना दोष देऊ नये, ज्याने जीव दिला तो पोसणारच. मग तो वेलाचे राहिलेले मूळ काढायला बसला आणि खणताना द्रव्याने भरलेला कुंभ लागला.

इथे मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, त्या माउलीचे रडणे. उपाशी लेकरांचा आधार डोळ्यांदेखत तुटला तर कोण रडणार नाही? सरस्वती गंगाधरांनी ते रडणे लपवले नाही, आणि तिच्यावर गुरुकोपही झाला नाही. तेव्हा दुःखात डोळ्यांत पाणी आले म्हणजे आपली भक्ती कमी पडली, असे कुणी मनाला लावून घेऊ नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. आम्ही बँकेत आधी व्हाउचर बघायचो, मग लेजरला नोंद. इथे उलट आहे. ब्राह्मण विश्वासाचे बोलला तेव्हा कुंभ सापडलेला नव्हता. हातात होता फक्त तुटलेला वेल. कुंभ सापडल्यावर कुणीही म्हणेल की देव आहे. श्रद्धेची खरी नोंद त्याच्या आधी होते.

तिसरी गोष्ट मला माझ्या सौभाग्यवतीने शिकवली. 2020 साली टाळेबंदीत मुलाची नोकरी गेली. सूनबाई आणि लहान नातू यांच्यासह तो आमच्या दोन खोल्यांत राहायला आला. फ्लॅटचे हप्ते थांबत नव्हते. माझ्या पेन्शनीत सहा माणसांचे (माझी आई तेव्हा हयात होती) कसेबसे भागत होते. मी दर गुरुवारी अठरावा अध्याय वाचायचो आणि मनात तारखा मोजायचो. चार महिने झाले, काही घडेना. एका गुरुवारी मी पोथी बांधून कपाटात ठेवली आणि म्हणालो, "आता पुरे. इतकं करून काय मिळालं?"

ही देवापुढे वात लावत होती. मागे न बघता म्हणाली, "अहो, त्या ब्राह्मणाने हंडा शोधायला कुठे खणलं? दारातली मुळं काढायचं काम होतं, ते त्याने केलं. तुम्ही मात्र रोज हंडाच शोधताय."

मी गप्प बसलो. खरेच होते. मी देवाकडे रिकरिंगच्या खात्यासारखे बघत होतो. इतके गुरुवार भरले, आता मुदत संपली, रक्कम द्या!

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक कागद घेऊन बसलो. घरचा सगळा हिशेब मांडला. लाज बाजूला ठेवून बँकेत गेलो आणि हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. मुलाने एका वाण्याच्या दुकानात हिशेब लिहायचे काम धरले. इंजिनिअर मुलगा! पण धरले. पुढच्या वर्षी त्याला नोकरी लागली, पगार पहिल्यापेक्षा कमीच. फ्लॅट शेवटी विकावा लागला. आमच्या अंगणात कुंभ काही निघाला नाही. पण त्या काळात घरात कुणी कुणावर आवाज चढवला नाही, आणि आईचे शेवटचे वर्ष नातवा-पणतवात गेले. तिला पणतू सांभाळायला मिळाला. हे कोणत्या लेजरात लिहायचे?

चाळिसाव्या अध्यायातला नरहरीही असाच. कुष्ठाने पीडलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी वाळलेले औदुंबराचे लाकूड रोवून पाणी घालायला सांगितले. लोक हसले. वाळक्या लाकडाला पालवी फुटते का? तो पाणी घालत राहिला. पालवी फुटली, पण आधी रोजच्या घागरी होत्या.

आपल्या वयात वेल तुटायचे प्रसंग येतातच. कुणाचा जोडीदार जातो, कुणाची मुले दूर जातात, कुणाचे गुडघे. अशा वेळी एवढे करावे असे मला वाटते:

१. रोजची उपासना थोडी का होईना, सोडू नये. पोथी जमली नाही तर दिवा लावून पाच मिनिटे नाम घ्यावे.

२. अडचण घरच्यांपासून लपवू नये. मदत घेण्यात कमीपणा मानू नये. देव बहुधा माणसाच्याच हाताने देतो.

३. समोरचे काम हातात घ्यावे, फळाची तारीख ठरवू नये.

४. दुसऱ्याचा वेल तुटलेला दिसला तर उपदेशाआधी त्याच्याकडे डबा पोचवावा.

यंदा पानात घेवडा आला की त्या माउलीची आठवण ठेवा. आज कुणाच्या घरी असे डोळे भरून आले असतील त्यांना श्रीगुरूंनी धीर द्यावा, हीच चरणी प्रार्थना.

श्री गुरुदेव दत्त.