परतीच्या पावसातलं सरपण

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा सह्याद्री सगळ्यात देखणा, आणि चूल पेटवायला सगळ्यात अवघड. श्रावणात कोणी जळणाच्या भरवशावर जातच नाही. ऑक्टोबरात मात्र सकाळी कडक ऊन पडतं, गवत पिवळं पडू लागतं आणि लाकूडही वाळलं असेल असं वाटतं. वाळलेलं नसतं. चार महिने त्यात पाणी मुरलेलं असतं, आणि दुपारनंतर ढग गडगडले की ते पुन्हा भिजतं. म्हणून या दिवसांत सरपण गोळा करायचं ते दुपारच्या आत.

मागच्या ऑक्टोबरात राजमाचीला आमच्या गॅसचं नळकांडं झडपेपाशी गळकं निघालं. त्यातच गडाखालच्या उधेवाडी गावात शिरताना पाऊस कोसळला, आणि तरीही तासाभरात पिठलं-भात तयार होता. हे लिहितोय ते त्या तासाभरासाठी. वाट सगळ्यांना ठाऊक आहे: लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे १५ किलोमीटरची चाल, नाहीतर कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून चढ. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, बोरघाटावर नजर ठेवणारे. १६५७च्या सुमारास गड स्वराज्यात आला.

ज्यांच्या पडवीत उतरलो त्या मावशींनी आम्ही लाकडं आणायला निघताच थांबवलं. "पोरांनो, भुईवरचं नका आणू, त्यानं पाणी पिलंय. वर अडकलेलं बघा." त्यांच्याच बांधावरच्या ऐनाची एक मोडकी फांदी करवंदीच्या जाळीवर अधांतरी अडकली होती. जमिनीला न टेकलेलं लाकूड वाऱ्यावर राहतं, पाणी निथळून जातं. टोक मोडून बघा: कट्‌कन तुटलं तर घ्या, वाकलं किंवा पिचलं तर तिथंच टाका. कुजकं लाकूड स्पंजासारखं असतं, ते दिवसभर उन्हात ठेवूनही धुमसतच राहतं.

खरं काम त्यानंतरचं. फांदी मनगटाएवढी जाड, वरून काळी आणि ओलीचिंब. मावशींनी कोयत्याने साल तासली, हातभर लांबीचे तुकडे केले. तुकडा उभा धरायचा, वरच्या टोकावर कोयत्याची धार टेकवायची आणि कोयत्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. एका तुकड्याच्या चार फाका झाल्या. बाहेरचा करंगळीभर थर ओला, आत गाभा कोरडा. शंका आली की मावशी फाक गालाला लावायच्या. थंडगार लागली तर ओली, ती बाजूला. कोरड्या फाकांच्या मग पातळ ढलप्या काढल्या.

काडी ओढण्याआधी तीन ढीग तयार हवेत: काडेपेटीच्या काडीएवढ्या ढलप्या, करंगळीएवढ्या काटक्या, अंगठ्याएवढ्या फाका. पहिला ढीग दोन ओंजळी भरून. बहुतेकांची चूल विझते ती इथं, कारण बारीक जळण मूठभरच असतं आणि घाईने वर ओंडका ठेवला जातो. एक लिटर पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्याची वाफ करायला लागते. ओल्या ओंडक्यातलं पाणी जाळाची सगळी ऊब अशी खाऊन टाकतं, आणि हाती उरतो धूर. ओल्या फाका मावशींनी वैलाच्या कडेने उभ्या केल्या. भात शिजेतो त्या शेकून जळायजोग्या झाल्या.

पेटवायला कापूर घ्या, रॉकेल नको. कापराच्या चार वड्या, मेणबत्तीचं थोटूक आणि काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये मधोमध ठेवा. वाळकी कारवी पटकन पेट घेते पण तितक्याच पटकन संपते, ती सुरुवातीपुरती. पांगारा आणि सावर मऊ, पाणी धरून ठेवणारी. बिब्ब्याच्या झाडाला हातही लावू नका. चिकाने फोड येतात, धूरही बाधतो. बांबू फोडूनच घाला, बंद पेर तापलं की फुटतं. ओढ्यातले दगडही चुलीला नकोत, आत पाणी असेल तर तडकतात.

आता जे मनापासून सांगायचंय ते. हौशी मंडळी कुऱ्हाड घेऊन जिवंत फांद्या तोडतात, रात्रभर नुसती शेकोटी जाळतात आणि सकाळी तिच्या राखेत अर्धवट जळलेली कुरकुऱ्यांची पाकिटं सोडून जातात. काजव्यांच्या दिवसांत राजमाचीवर जी गर्दी उसळते, तिच्यातल्या कितीजणांना गावातल्या बायकांनी वैशाखात डोक्यावरून मोळ्या वाहून पावसाळ्याची बेगमी केलेली दिसते? त्या साठ्यातलं जळण घेतलंत तर त्याचे पैसे द्या, जेवणाच्या पैशांत ते धरू नका. बांधावरचं लाकूडही विचारूनच. जो विचारत नाही, त्याला मी ट्रेकर म्हणत नाही, कितीही गड केलेले असोत.

राखीव वनात जाळ करायला १९२७चा वन कायदा मनाई करतो, अभयारण्यात १९७२चा वन्यजीव कायदा. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथं सरपणाचा विचारच नको, डबे घरून न्या. लेण्यांत आणि गुहांतही चूल मांडू नका. भिंती काळवंडतात आणि धूर कोंडतो. तंबूत तर निखारासुद्धा नको, कोळशाचा वायू झोपेत जीव घेतो.

निघताना विस्तवावर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हात धरून ऊब लागत नाही ना, हे पाहूनच सॅक पाठीवर घ्या. उरलेल्या कोरड्या फाका पडवीत रचून ठेवा.