संधानगृहातील तापमाननोंद : जुन्या लॅपटॉपवर वायरलेस ड्रायव्हर कार्यान्वित करण्याची पद्धती

प्रास्ताविक

आसव-अरिष्ट ही अशी कल्पना आहे, की जिच्यातील औषध वैद्याच्या हातून सुटल्यावर सिद्ध होते. क्वाथ आपण करतो, गूळ आपण विरघळवितो, धायटीची फुले व प्रक्षेप द्रव्ये आपण घालतो. परंतु पात्राचे मुख बंद केल्यानंतरचे कार्य काल आणि उष्मा यांच्या स्वाधीन असते. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडातील दहाव्या अध्यायात संधानकल्पना सविस्तर आली आहे. जेथे मान सांगितलेले नाही, तेथे एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशमांश प्रक्षेप, अशी स्पष्ट परिभाषा तेथे मिळते. उष्मा अंशांत मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. म्हणून पात्र धान्यराशीत वा भूमीत ठेवण्याचा उपदेश आहे. त्यामागील हेतू एकच, की दिवसरात्रीच्या शीतोष्णाचा आघात संधानावर होऊ नये.

आमच्या औषधशाळेत एका हिवाळ्यात चाळीस लिटर दशमूलारिष्टाचे शुक्त झाले. विधीत चूक नव्हती, द्रव्ये परीक्षित होती. रोज सकाळी दहा वाजता आम्ही संधानगृहातील तापमापक पाहत होतो व तो समाधानकारक अंक दाखवीत होता. रात्री काय घडते हे मात्र कोणीच पाहत नव्हते. ज्या सूतिकांसाठी ते अरिष्ट योजिले होते, त्यांना आयत्या वेळी बाजारातील औषध लिहून द्यावे लागले. या अनुभवातून सतत तापमाननोंदीचा विचार निघाला. सदर लेखात त्या प्रयत्नातील सर्वांत अडचणीचा भाग, म्हणजे जुन्या लॅपटॉपचे वायरलेस कार्ड चालू करणे, विस्ताराने मांडत आहोत.

योजनेचे स्वरूप

संधानपात्रात तापमान ओळखणारी सळई, तिच्याशी जोडलेला वायरलेस प्रेषक आणि चिकित्सालयातील नोंद ठेवणारा संगणक, अशी ही त्रिविध योजना आहे. संगणक म्हणून आम्ही २००६ साली घेतलेला, अडगळीत पडलेला लॅपटॉप वापरला. त्याची मूळ प्रणाली कालबाह्य झाली होती. म्हणून त्यावर डेबियन ही मुक्त लिनक्स प्रणाली बसविली. येथे एक सूचना आवश्यक आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेली डेबियन १३ ही आवृत्ती ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसविता येत नाही. अशा यंत्रासाठी २०२३ सालची डेबियन १२ घ्यावी. आमचे यंत्र ६४ बिटांचे असल्याने ही अडचण आली नाही.

प्रणाली सुरळीत बसली, पडदा उजळला, कळफलक चालला. परंतु वायरलेस जाळ्यांची यादी रिकामीच राहिली. चिकित्सालयापासून संधानगृहापर्यंत तार ओढणे शक्य नव्हते. म्हणजे या एका कार्डावर सर्व योजना अडून राहिली.

निदान : कार्डाची ओळख

येथे आमच्याकडून झालेली चूक प्रथम सांगतो, कारण ती वैद्याला शोभणारी नव्हती. यंत्र जुने आहे, तेव्हा जुन्या कार्डांसाठी असलेले 'लेगसी' नावाचे पॅकेज आपलेच, असे आम्ही गृहीत धरले आणि ते बसविले. फळ काहीच मिळाले नाही. रुग्णाचे वय पाहून औषध द्यावे आणि नाडी पाहूच नये, असा तो प्रकार होता.

ओळखीची योग्य रीत सोपी आहे. टर्मिनलच्या खिडकीत 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा द्यावी. (या लेखातील आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.) उमटणाऱ्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असे आरंभी असलेली ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन अंक-अक्षरसमूह असतात. पहिला समूह निर्मात्याचा व दुसरा त्या विशिष्ट चिपचा. आमच्या यंत्रात तो '१४ई४:४३१८' असा निघाला. पैकी १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम आणि ४३१८ म्हणजे त्यांची बीसीएम ४३१८ ही चिप.

नावावर विसंबू नये, हा या पाठाचा गाभा आहे. आपल्या द्रव्यगुणशास्त्रात संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न सर्वांस परिचित आहे. रास्ना वा पाषाणभेद या एकाच नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. या चिपांचीही स्थिती तशीच आहे. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

१) ज्या कार्डाचा क्रमांक १४ई४:४३१२ आहे, त्यातील चिपचे नाव बीसीएम ४३११ असते; आणि बीसीएम ४३१२ या नावाच्या कमी वीज घेणाऱ्या चिपचा क्रमांक १४ई४:४३१५ असतो. केवळ '४३१२' एवढेच पाहणारा हमखास फसतो.

२) बीसीएम ४३०६ हे नाव एकच, परंतु तिच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीस 'बी४३ लेगसी' हा ड्रायव्हर लागतो, तर तिसऱ्या आवृत्तीस 'बी४३'. आवृत्तीचा अंक त्याच ओळीच्या शेवटी 'रेव्ह' या अक्षरांपुढे दिलेला असतो.

म्हणून संपूर्ण ओळ कागदावर उतरवून घ्यावी व मगच पुढे जावे.

चिकित्सा : ड्रायव्हर व फर्मवेअर

ड्रायव्हर म्हणजे प्रणालीने कार्डाशी कसे बोलावे, हे सांगणारा भाग. फर्मवेअर म्हणजे कार्डाने स्वतः कसे वागावे, हे सांगणाऱ्या सूचना. अनेक जुन्या कार्डांत या सूचना कायम साठविण्याची सोय नसते. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाल्यावर त्या कार्डात भराव्या लागतात. 'बी४३' हा ड्रायव्हर स्वतंत्र अभ्यासकांनी चिपच्या वर्तनावरून उलगडा करून लिहिला आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नेल २.६.२४ पासून तो कर्नेलमध्येच समाविष्ट आहे. फर्मवेअर मात्र निर्मात्याच्या मालकीचे असून डेबियनला ते स्वतःबरोबर वाटण्याची मोकळीक नाही. परिणामी, औषध घरात असूनही अनुपानावाचून ते लागू पडू नये, अशी अवस्था होते.

'डीमेसेज' ही आज्ञा मुख्य अधिकार वापरून दिल्यास (आज्ञेचे लेखन डी-एम-ई-एस-जी असे पाच अक्षरांचे आहे) प्रणालीची दैनंदिनी दिसते. आमच्या यंत्रात तीत 'यूकोड५' नावाची फर्मवेअरची फाइल सापडत नाही, अशी स्पष्ट तक्रार लिहिलेली होती. रुग्ण स्वतःच व्यथा सांगत होता. आम्ही ऐकली नव्हती, इतकेच.

पुढील क्रम असा ठेवावा.

१) लॅपटॉपला तात्पुरते इंटरनेट द्यावे. राउटरपाशी नेऊन तार जोडावी, अथवा मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्यावरील टेदरिंग चालू करावे.

२) पॅकेजांच्या स्रोतयादीत 'कॉन्ट्रिब' हा विभाग समाविष्ट करावा व 'सुडो एपीटी अपडेट' ही आज्ञा द्यावी.

३) चुकीचे पॅकेज बसविले असल्यास ते काढावे. नंतर 'सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' ही आज्ञा द्यावी. हे पॅकेज निर्मात्याची फाइल इंटरनेटवरून आणून तीतून फर्मवेअर वेगळे करते. म्हणूनच पहिली पायरी टाळता येत नाही.

४) यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे.

हा क्रम बी४३ ड्रायव्हरच्या कार्डांसाठी आहे. इंटेल, रियलटेक वा अथेरॉस या निर्मात्यांच्या कार्डांस निराळी पॅकेजे लागतात. ओळखीची रीत मात्र तीच.

उपद्रव व त्यांचा परिहार

इतके करूनही आमची यादी रिकामीच होती. तेव्हा 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली. तीत 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे नाही, परंतु 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे होय, असे उत्तर आले. पहिला अडथळा आज्ञेने दूर होतो. दुसरा यंत्राच्या बाह्य बटणाचा असतो. लॅपटॉपच्या पुढील कडेवर धुळीने भरलेले एक लहान सरकते बटण होते. ते सरकविताच निळा दिवा लागला आणि चिकित्सालयाच्या जाळ्याचे नाव पडद्यावर आले. वाचकांनी हे बटण सर्वांत आधी पाहावे, ही विनंती.

अन्य दोन उपद्रव उल्लेखनीय आहेत. अशी जुनी कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील जाळी पाहू शकतात. म्हणून राउटरवर तो पट्टा चालू असावा आणि सुरक्षापद्धती डब्ल्यूपीए २ असावी. तसेच झाकण मिटताच लॅपटॉप निद्रिस्त होतो व नोंद थांबते; ती सवय प्रणालीच्या 'लॉगइनडी' या मांडणीच्या फाइलमध्ये बदलून घ्यावी.

संधानपात्राशी जोडणी

पात्रातील सळईसाठी डीएस१८बी२० हा संवेदक घेतला. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. प्रत्येक संवेदकास ६४ बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक पात्रांचे संवेदक जोडता येतात. कोणता क्रमांक कोणत्या पात्राचा, हे आरंभीच लिहून ठेवावे. संवेदकाची तार औषधात बुडवू नये. आसव-अरिष्टे आम्ल असतात. म्हणून एका टोकास बंद असलेली ३१६ प्रतीच्या पोलादाची नळी झाकणातून उतरवून संवेदक तिच्या आत ठेवावा. त्यामुळे पात्राचे मुखबंधनही अबाधित राहते.

प्रेषक म्हणून ईएसपी८२६६ हे अल्पमोली उपकरण व त्यावर टॅस्मोटा ही मुक्त प्रणाली वापरली. ती दर पाच मिनिटांनी तापमान लॅपटॉपकडे पाठविते आणि तेथील मॉस्किटो हा कार्यक्रम ते स्वीकारतो. मॉस्किटोची दुसरी व त्यापुढील आवृत्ती स्वतः होऊन बाहेरच्या उपकरणांचे संदेश घेत नाही. परवानगी व परवलीचा शब्द मांडणीच्या फाइलमध्ये द्यावा लागतो. नोंदीवर वेळ लॅपटॉपची घालावी. एकदा घडी बसल्यावर नित्य नोंदीसाठी इंटरनेटची गरज उरत नाही.

अनुभव

पहिल्याच आठवड्याच्या नोंदीने आमच्या नष्ट अरिष्टाचे कारण दाखविले. उत्तरेकडील भिंतीलगतचे पात्र दुपारी इतरांच्या बरोबरीने असे. परंतु मध्यरात्रीनंतर ते उतरू लागे आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत थंड होई. सकाळी दहापर्यंत ते पुन्हा सावरलेले असे. किण्वांना साधारणतः २५ ते ३५ अंशांचा उष्मा मानवतो. थंडीने त्यांचे कार्य मंदावले, की मद्यार्क पुरेसा निर्माण होत नाही, आणि हवेचा शिरकाव झाल्यास आंबट करणाऱ्या जीवाणूंचे फावते. आम्ही ते पात्र आतील भिंतीपाशी हलविले आणि भाताच्या तुसाने भरलेल्या पेटीत ठेवले. नंतरच्या दशमूलारिष्टात प्रक्षेप द्रव्ये यथाकाल तळाशी बसली, पात्राशी कान लावता बुडबुड्यांचा ध्वनी थांबलेला आढळला आणि मुखाशी धरलेली काडी विझली नाही. सिद्धीची ही लक्षणे आम्ही पूर्वीप्रमाणेच स्वतः पाहिली. नोंदीने त्यांची जागा घेतलेली नाही, घेऊही नये.

औषधनिर्मितीच्या अनुसूची 'टी' मध्ये प्रत्येक घाण्याची लेखी नोंद अपेक्षित आहे. त्या नोंदपत्रास तापमानाचा आलेख जोडल्यास औषधशाळेच्या मालकांचाही लाभ होईल.

उपसंहार

जुने यंत्र टाकाऊ ठरविण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. परीक्षा करताना नाव नव्हे, तर लक्षण व क्रमांक पाहावा. बाह्य हेतू आधी शोधावा, गूढ हेतू नंतर. हा क्रम आपण चिकित्सेत नित्य पाळतो. संगणकापुढे बसल्यावर आम्ही तो विसरलो आणि दोन सायंकाळी व्यर्थ गेल्या. धान्यराशीत घट पुरणाऱ्या पूर्वाचार्यांना रात्रीच्या थंडीची पूर्ण जाणीव होती. ती आमच्या भिंतीपाशी नेमकी किती होती, एवढेच या जुन्या लॅपटॉपने आम्हांस सांगितले. आणि त्या हिवाळ्यातील पुढचे अरिष्ट सूतिकांना वेळेवर मिळाले.