चेन सॉची चेन आणि ०.६५ मिलिमीटर

मशीन डिझाइनच्या तासाला आपण सगळेच चेन ड्राइव्ह शिकतो. पिच, रोलर, स्प्रॉकेटचे दात वगैरे लिहून सात मार्कांचं उत्तर पुरं करतो. पण एक चेन अशी आहे की जी शक्ती वाहून नेते आणि कापतेही स्वतःच. ती म्हणजे चेन सॉची चेन. आपल्या सिलॅबसमध्ये ती नाही. आमच्या दापोलीकडे मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर ती वाडीवाडीत पोचली. नारळ, सुपारी, आंबे आडवे झाले, रस्ते बंद झाले. ज्यांनी तोवर कोयत्यापलीकडे काही हातात धरलं नव्हतं अशा पोरांनी वर्गणी काढून पेट्रोलवरची मशीन घेतली. बरोबर आलेलं माहितीपुस्तक बहुतेकांनी खोक्यातच ठेवलं. वादळ गेलं, मशीन मात्र अजून चालू आहेत.

नवी चेन आणायला गेलेला माणूस दुकानात म्हणतो, "२२ इंची द्या." हे अपुरं आहे. २२ इंच ही पट्टीची लांबी, चेनची नव्हे. चेनला तीन आकडे लागतात. पहिला पिच : लागोपाठच्या तीन रिवेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं. दुसरा गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. तिसरा, ड्राइव्ह लिंकची संख्या. आमच्याकडच्या ५८ सीसी मशीनवर साधारण ०.३२५ इंच पिच, ०.०५८ इंच गेज आणि ८६ लिंक अशी चेन असते. पण मशीनगणिक फरक पडतो, तेव्हा पट्टीवर कोरलेले आकडे वाचावेत आणि लिंक सरळ मोजाव्यात. ०.०५८ च्या खाचेत ०.०५० ची चेन बसते, फिरतेसुद्धा, आणि तिथेच माणूस फसतो. ती खाचेत डुलते, काप वाकडा जातो आणि चेन उतरण्याची भीती राहते. पिच चुकला तर चेन स्प्रॉकेटवर नीट बसणारच नाही. स्प्रॉकेट खोलवर झिजलेला असेल तर तोही बदलावा, नाहीतर नवी चेन लवकर वाया जाते.

आता दाताकडे वळू. जुन्या चेनचे दात लाकूड नुसतं ओरबाडायचे. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती इंग्रजी सी अक्षरासारख्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कापत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने एकाआड एक डावे-उजवे कटर असलेली चेन बनवली. आजची चेन तिचीच वंशज. प्रत्येक कटरच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असतो. दाताने किती जाडीची ढलपी काढायची हे हा उंचवटा ठरवतो. लेथवर आपण डेप्थ ऑफ कट देतो, तसंच.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून हे सगळे उंचवटे कानशीने खाली उतरवले. दोन दिवस मशीन खरंच सपासप कापत होती. तिसऱ्या दिवशी फणसाची फांदी तोडताना पट्टीचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून खांद्यावर आली. १७ टाके पडले. चेन ब्रेक लागला म्हणून मान वाचली.

ही उसळी म्हणजे किकबॅक. चेन वरच्या बाजूने पुढे जाते आणि टोकाला वळून खालून परत येते. टोकाच्या वरच्या अर्ध्या भागात दात लाकडात रुतला की त्याची प्रतिक्रिया पट्टीला मागे आणि वर ढकलते. वेगाचा हिशोब करून बघा. ७ दातांचा स्प्रॉकेट एका फेऱ्यात १४ पिच, म्हणजे सुमारे ११५ मि.मी. चेन ओढतो. ९००० आरपीएमला सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर! सेकंदाला पाचशेच्या वर कटर समोरून जातात. एवढ्या वेळात माणसाचा हात हलत नाही. दात ०.६५ ऐवजी दीड मिलिमीटर खोल घुसायला लागला तर ही उसळी आणखी सहज येते.

गंमत अशी, की हा उंचवटा कधीच घासायचा नाही असंही नाही. कटरचा माथा मागे उतरता असतो. धार लावत गेलो की दात आखूड होतो, तशी त्याची उंचीही कमी होते आणि ०.६५ चं अंतर घटतं. म्हणून तीन-चार वेळा धार लावली की गेजची पट्टी ठेवून तपासायचं आणि वर दिसेल तेवढंच घासायचं. डोळ्याच्या अंदाजाने नाही.

धार लावण्याआधी इंजिन बंद, स्पार्क प्लगची कॅप काढलेली, हातात मोजे. ०.३२५ पिचला ४.८ मि.मी.ची गोल कानस लागते. बहुतेक चेनला ३० अंशांचा कोन असतो. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची. सगळे दात सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. पडलेल्या झाडाला माती-वाळू चिकटलेली असते, ती आधी झाडून घ्यावी. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की चेन बोथट झाली समजा. बोथट चेनला माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेली मशीन सटकली की आवरत नाही. तेलाच्या टाकीत जळकं ऑइल घालण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ते फुकट मिळतं हे खरं, पण त्यातले धातूचे कण खाच आणि पंप दोन्ही खातात.

राहता राहिला ताण. ८६ लिंकची चेन सुमारे १४२० मि.मी. लांब. ६० अंशांनी तापली तर पोलादाच्या प्रसरणाने जेमतेम १ मि.मी. वाढते. एवढ्याने काय होतं? ५६० मि.मी.च्या पट्टीखाली हा सगळा सैलपणा साचला, तर पॅराबोलाच्या सूत्राने झोळ येतो सुमारे १४ मि.मी.! पट्टीही तापते, म्हणून प्रत्यक्षात तो याहून कमी असतो, पण चेन खाचेतून बाहेर डोकावताना दिसते. तेव्हा इंजिन बंद करायचं, पट्टीचं टोक वर उचलून धरायचं आणि ताण द्यायचा. चेन खालून पट्टीला टेकलेली हवी, आणि मोजे घातलेल्या हाताने सहज ओढता आली पाहिजे. गरम चेन अशी घट्ट केली असेल तर काम संपल्यावर लगेच सैल करून ठेवावी. रात्रीत ती थंड होऊन तेवढीच आखडते, आणि तो ताण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर येतो.