कॅल्शियम वाढलंय? मग पीटीएच तपासा

मूतखडा पुन्हा झाला तेव्हा माझ्या रिपोर्टवर कॅल्शियम ११.२ होतं. कमाल मर्यादा १०.५. "पाणी भरपूर प्या," एवढंच सांगण्यात आलं. हाडं दुखायची, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. त्यावर कॅल्शियमच्याच गोळ्या लिहून मिळाल्या!

पुढे एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, तपासायला लावलं. आलं ५८, म्हणजे लॅबच्या मर्यादेत. घरच्यांना हायसं वाटलं. बाई म्हणाल्या, "कॅल्शियम इतकं चढल्यावर पीटीएच अगदी खाली जायला हवं. गेलं नाही, हाच दोष." थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एखादी वाढते आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत राहते. गाठ बहुधा साधीच असते, कॅन्सरची नव्हे.

सोनोग्राफीत, सेस्टामिबी स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही आणि एका ठिकाणी "गाठ नाही, ऑपरेशन नको" म्हणून मला परत पाठवलं. इथेच माणसं वर्षानुवर्षं अडकतात. निदान रक्तावरून होतं; स्कॅन फक्त सर्जनला गाठ कुठे शोधायची ते सांगतो. व्हिएन्नात फेलिक्स मांड्ल यांनी १९२५ साली अशी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया केली तेव्हा असले स्कॅन नव्हतेच. अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची गाठ १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत सापडली, तीही छातीत! माझी फोर-डी सीटीत दिसली, अन्ननलिकेच्या मागे.

पूर्वी गळा उघडून चारही ग्रंथी पाहत. माझा छेद लहान होता. पीटीएच रक्तातून काही मिनिटांतच ओसरतं, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासलं. पीटीएच निम्म्याहून खाली आलं, तेव्हा बाकीच्या ग्रंथींना हात लावला नाही.

तुमचं कॅल्शियम वाढलेलं असेल तर त्याच रक्तातून पीटीएच, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन मागून घ्या. चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही बघा, कारण एका आनुवंशिक प्रकारात ऑपरेशन लागतच नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करताना मनगटाजवळचं हाड घ्यायला सांगा. या आजारात ते आधी झिजतं. सर्जनला वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे न संकोचता विचारा. आणि ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियम घसरत असेल. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, लगेच सिस्टरना बोलवा.