कंपन्यांचा कर कमी केला की देशाची वाढ होते का? – एक बाण, चार प्रश्न



बारावीच्या वर्गात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा धडा चालू होता. मी फळ्यावर बाण काढत लिहिलं : कंपनी कर कमी → गुंतवणूक वाढते → रोजगार वाढतो → आर्थिक वाढ होते. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एकाने मात्र हात वर केला. "सर, माझ्या बाबांचं लेथचं वर्कशॉप आहे. मग त्यांचाही टॅक्स कमी झाला का?"

मी "हो, झाला असणार" असं बोलून गेलो. घरी येऊन नीट वाचलं, तर माझं उत्तर चक्क चुकीचं होतं! दुसऱ्या दिवशी वर्गात ते दुरुस्त केलं आणि मग हा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला. तोच आज तुमच्यासमोर मांडतोय.

कंपनी कर म्हणजे काय?

कंपनीला सगळा खर्च वजा जाऊन जो नफा उरतो, त्यावरचा हा कर आहे. विक्रीवरचा नाही. मुलं इथे जीएसटी आणि कंपनी कर यांची हमखास गल्लत करतात. जीएसटी आपण बिलात भरतो, कंपनी कर कंपनी आपल्या नफ्यातून भरते. तोटा झाला तर साधारणपणे हा कर लागत नाही.

२० सप्टेंबर २०१९ ला काय झालं?

जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन गोव्यात होत्या. त्या दिवशी सकाळी त्यांनी वटहुकुमाद्वारे कंपनी कर कमी करत असल्याचं जाहीर केलं. इतर करसवलती सोडून देणाऱ्या देशी कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के झाला. मोठ्या कंपन्यांचा आधीचा मूळ दर ३० टक्के होता. अधिभार आणि उपकर धरून हिशोब केला तर सुमारे ३५ टक्क्यांवरून २५.१७ टक्के. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना तर तेव्हा मूळ दर फक्त १५ टक्के ठरला.

मुलांना सोप्या आकड्यात सांगा. नफा १०० रुपये असेल तर आधी कंपनीकडे ६५ रुपये उरायचे, आता ७५ उरतात. सरकारला यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावं लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. शेअर बाजार खूश झाला. सेन्सेक्स त्या एका दिवसात १९०० पेक्षा जास्त अंकांनी वर गेला.

आणि लेथवाले बाबा? त्यांचं वर्कशॉप कंपनी म्हणून नोंदलेलं नाही, ते एकट्याच्या मालकीचं आहे. अशा व्यवसायाचा नफा मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरतात आणि त्यावर आयकराच्या टप्प्यांप्रमाणे कर लागतो. भागीदारी संस्थेचा ३० टक्के दरही तसाच राहिला. म्हणजे ही कपात 'सगळ्या धंद्यांची' नव्हती, फक्त कंपन्यांची होती.

उरलेल्या १० रुपयांचं काय होतं?

हा प्रश्न वर्गाला विचारा आणि दोन मिनिटं गप्प बसा. उत्तरं मुलंच देतात. कंपनी नवीन मशीन घेईल, जुनं कर्ज फेडेल, भागधारकांना लाभांश देईल किंवा पैसे बँकेत ठेवेल. लगेच नवं काम निर्माण होतं ते मुख्यतः पहिल्या वाटेने.

आता पुढचा प्रश्न. मशीन कधी घेतात? माल खपत असेल तेव्हा! बिस्किटाच्या कारखान्यातलं निम्मं यंत्र बंद पडून असेल, तर कर कमी झाला म्हणून मालक दुसरं यंत्र कशाला आणेल? २०१९ साली नेमकी मागणीच मंदावली होती. एप्रिल ते जून या तिमाहीत वाढीचा दर ५ टक्क्यांवर आल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं. गाड्यांची विक्री घसरली होती. त्यात मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. त्यामुळे कपातीचा परिणाम किती आणि महामारीचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड आहे. "कपातीमुळेच वाढ झाली" किंवा "कपात वायाच गेली" असं ठाम लिहिणाऱ्या उत्तराला म्हणूनच मी पूर्ण गुण देत नाही.

तिजोरीचं काय झालं?

२०१८-१९ मध्ये कंपनी करातून सुमारे ६.६३ लाख कोटी रुपये आले होते. २०१९-२० मध्ये ते ५.५७ लाख कोटींवर आणि २०२०-२१ मध्ये ४.५७ लाख कोटींवर घसरले. नंतर नफा वाढला आणि २०२३-२४ मध्ये वसुली ९ लाख कोटींच्या पुढे गेली. पण अर्थव्यवस्थाही मोठी झाली होती ना! जीडीपीच्या तुलनेत पाहिलं तर हा कर आधी सुमारे साडेतीन टक्के होता, तो आता तीन टक्क्यांच्या आसपास आहे. नुसता आकडा आणि प्रमाण यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पालकांनो, इथे आपला थेट संबंध येतो. हा कर केंद्र गोळा करतं, पण त्यातला वाटा राज्यांना मिळतो. १४ व्या वित्त आयोगाने तो ४२ टक्के ठरवला होता, १५ व्याने ४१ टक्के. मूळ दर कमी झाला की राज्यांच्या वाट्यालाही कात्री लागते. शाळा, दवाखाने यांचा मोठा खर्च राज्यंच करतात.

मग दर जास्तच ठेवावा का?

तसंही नाही. कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना कंपनी देशादेशांतले दर पाहतेच. आयर्लंडने २००३ पासून १२.५ टक्के दर ठेवला आणि मोठमोठ्या परदेशी कंपन्या तिथे आल्या. इंग्रजी बोलणारे शिकलेले तरुण आणि युरोपची खुली बाजारपेठ हीसुद्धा त्यामागची कारणं होती. पण २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्के वाढलेला दिसला. लोकांचं उत्पन्न काही तेवढं वाढलं नव्हतं. बरीचशी वाढ बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्यामुळे होती. शेवटी दर उतरवण्याची ही चढाओढ थांबावी म्हणून २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर मान्य केला.

वर्गासाठी कृती

आता मी फळ्यावर बाण काढतो, पण प्रत्येक बाणाखाली एक प्रश्न लिहून घेतो :

१. कर नेमका कोणाचा कमी झाला?
२. उरलेला पैसा कुठे गेला?
३. मालाला मागणी आहे का?
४. तिजोरीत पडलेली तूट कोण भरून काढणार?

मुलांचे चार गट करून एकेक प्रश्न वाटून द्या. घरी पालकांशी बोलून उत्तर आणायला सांगा. आमच्या त्या मुलाने पहिला प्रश्न स्वतःहून मागून घेतला. करून बघा, आणि तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते नक्की कळवा.