विंग घेतलीस ना, मग ऐक

अगं, काल पाठवलेला तुझा फोटो पाहिला. कामशेतची टेकडी, पवनेचं पाणी लांबवर चमकतंय, आणि सेकंडहँड का होईना, स्वतःच्या पॅराग्लायडिंगच्या विंगशेजारी तू ऐटीत बसलेली. खोटं कशाला सांगू, माझं लक्ष तुझ्याकडे नव्हतंच. मी तुझी सावली बघत होते. पायाशी आलेली होती, म्हणजे भर दुपार. विचारलं तर म्हणालीस, "ताई, वारा यायची वाट बघत होते, दोनेक तास."

दोन तास! वाळवणाचे पापड आहेत का ते?

उडून विंग झिजते त्याहून जास्त आपण तिला जमिनीवर झिजवतो. कापड नायलॉनचं, त्यावर पातळ लेप. ऊन दोघांनाही खातं, आणि वरून काही दिसत नाही. रंग जरा फिका पडतो, एवढंच. आत मात्र कापडातून हवा पाझरायला लागलेली असते. वारा नसेल तर सरळ गोळा करून पिशवीत कोंब आणि झाडाखाली बसून चहा पी. ज्याच्याकडून घेतलीस त्याच्याकडे तपासणीचा कागद मागितलास का? नसेल मिळाला तर पहिली उडी राहू दे, आधी तपासून घे.

आता दोऱ्यांचं. इथे माझी फजिती सांगते, कुणाला बोलू नकोस. एक अख्खा हंगाम माझी विंग वर यायला आळस करायची, डोक्यामागेच लोंबकळायची. मी आपली स्वतःलाच दोष देत राहिले, हात जड झाले, सराव कमी पडला. शेवटी दोऱ्या मोजून घेतल्या, तर मागच्या आखडलेल्या! उडताना बहुतेक भार पुढच्या दोऱ्यांवर येतो, त्या ताणलेल्या राहतात. मागच्यांवर ताण कमी, त्यात डायनिमाची दोरी असेल तर ती हळूहळू आक्रसते. मग मागची कड खाली ओढली जाते, विंग मंदावते आणि स्टॉलच्या, म्हणजे उचल सुटण्याच्या, जवळ सरकते. फरक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा, पण वर हवेत तो जिवावर बेतू शकतो. म्हणून तर बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी किंवा 100 ते 150 तासांनी तपासणी सांगतात. तुझ्या विंगच्या पुस्तिकेत काय आकडा आहे तो बघ, माझा धरू नकोस. आणि दोऱ्या ॲरामिडच्या असतील तर त्यांना घट्ट घड्या आणि गाठी सोसत नाहीत. कुणी त्यांच्यावर बूट ठेवला तर खुशाल ओरड, मी ओरडते.

घडी घालणं तुला शिकवायला नको. आईची पैठणी आठव. दरवेळी त्याच रेषेवर मोडली की तिथेच विरते, म्हणून आई घडी फिरवायची. तसंच इथे. पुढच्या कडेत प्लॅस्टिकच्या काड्या असतात, त्या एकावर एक नीट बसव, वाकवू नकोस. घडी सैलच ठेव. आणि घालण्याआधी आत बघ! पावसाळा संपल्यावर मावळातलं गवत वाळतं, कुसळं शिवणीत घुसतात. नाकतोडा आत राहिला तर तो बाहेर पडायला कापडच कुरतडतो. हसू नकोस, माझ्या विंगला त्याचं ठिगळ आहे. नखाएवढं भोक असेल तर चिकटपट्टी चालते, फक्त तिचे कोपरे गोल काप, टोकदार कोपरे उचकटतात. भोक शिवणीजवळ असेल तर स्वतः हात लावू नकोस.

धुणं? नाहीच. साबण नाही, मशीन तर नाहीच नाही. डाग पडला तर ओल्या मऊ फडक्यानं टिपायचं. डाग राहिला तर राहिला, तुला काय लग्नाला न्यायचीय? अपवाद एकच. गोव्यात हरमलला उडायला गेलीस आणि लाटेत भिजलीच, तर गोड्या पाण्यातून भरपूर खळबळून काढ आणि सावलीत वाळव. मिठाचे कण धाग्यांना कापतात.

जूनमध्ये इथलं उडणं थांबतं, आणि आपण विंग विसरतो. तीच चूक. ओल राहिली तर चार महिन्यांत बुरशी आणि कुबट वास. गाडीच्या डिकीत तर ठेवूच नकोस, तिथे भट्टी तापते. पूर्ण वाळवून, पिशवीची चेन थोडी उघडी ठेवून कोरड्या कपाटात ठेव. डांबरगोळ्या मी टाकत नाही, कापडाजवळ कुठलंच रसायन नको.

रिझर्व्ह पॅराशूटचं तू काहीच बोलली नाहीस. शेवटचा कधी उघडून पुन्हा बांधला? आधीच्या मालकानं सांगितलं नसेल, तर बांधलेलाच नाही असं धर. घामाच्या ओलीनं आणि दाबानं घड्या एकमेकींना चिकटतात, मग उघडायला वेळ लागतो, आणि तो वेळ तेव्हा तुझ्याकडे नसतो.

रविवारी रिझर्व्ह आणि विंग दोन्ही घेऊन ये. माझ्या सरांना बोलावलंय, रिझर्व्ह त्यांच्याच हातून बांधून घेऊ. दोऱ्या एकेक बोटांतून फिरवून बघायला आपण दोघी पुरे. गच्चीत नको, ऊन असतं. खालच्या हॉलमधला सोफा सरकवून ठेवते.